विडीच्या ब्रँचचा मालक, शाळेचा अध्यक्ष, पतसंस्थेचा चेअरमन एकच माणूस. आईच्या पीएफची सही अडकलीय, काय करावं?

पूर्वभागचा_पोरगा (सध्या चाकण)

नमस्कार. सोलापूरची जुनीजाणती माणसं इथं बरीच आहेत म्हणून विचारतोय. कुणाचंच नाव लिहिणार नाही, कारण आईला उद्या सकाळी त्याच ब्रँचला (म्हणजे पान देऊन वळलेल्या विड्या जमा करून घेतात त्या जागी) विड्या घेऊन जायचंय.

आई लग्न होऊन दत्तनगरला आली तेव्हापासून विड्या वळते. आता अठ्ठावन्न पूर्ण झाली. पीएफ काढायचा आणि पेन्शन सुरू करायची म्हणून मी चाकणहून सुट्टी घेऊन गेलो, तर कळलं की पीएफच्या नोंदीत तिचं नाव माहेरचं लागलंय आणि आधारवर सासरचं आहे. यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, जुना. दुरुस्तीच्या फॉर्मवर मालकाची सही आणि शिक्का पाहिजे. एवढंच काम. एक सही.

ब्रँचमधला कारकून म्हणतो, साहेबांना विचारावं लागेल. साहेबांच्या ऑफिसात गेलं की म्हणतात, निवडणूक होऊ द्या, मग बघू. निवडणूक झाली. मग म्हणाले, रथोत्सव होऊ द्या. तोपण झाला.

नुसत्या सहीचा प्रश्न असता तर मी भांडलो असतो. पण साहेब म्हणजे ब्रँचचे मालक, त्यांच्याच ट्रस्टच्या कॉलेजात माझी बहीण शेवटच्या वर्षाला आहे. त्यांच्याच पतसंस्थेतून आम्ही घरावर पत्रे टाकायला कर्ज काढलं, आणि त्या कर्जाला जामीन कोण, तर शेजारची लक्ष्मीअक्का, तीपण त्याच ब्रँचला विड्या देते. वॉर्डातला नगरसेवक साहेबांचा भाचा. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, नाही आलं तर टँकर कुणाला सांगायचा, त्यालाच. मार्कंडेय रथोत्सवात जेवणाचा खर्च त्यांचा. कोरोनात ब्रँच बंद होती तेव्हा मजुरी मिळाली नाही, पण तांदूळ-तेलाची पिशवी मिळाली, वर फोटो छापलेला. आई अजून म्हणते, त्या टायमाला त्यांनीच विचारलं की रे.

आणि हे बोलणारी आई महिन्याला किती सोसते ते मी बघितलंय. हजार विड्यांना म्हणून पानं तोलून देतात, त्यात निम्मी फाटकी, भोकं पडलेली. भिजवून, फडक्यात गुंडाळून, फर्मा ठेवून कात्रीनं कापायला घेतली की कळतं हजार काही भरणार नाहीत. मग गल्लीतच पानं विकायला बसलेल्या बाईकडून पदरचे पैसे घालून पाव किलो पान आणायचं. ब्रँचला चेकर जुड्या सोडतो, बोटानं दाबून बघतो, "छाट" म्हणून बाजूला टाकतो. छाट काढलेल्या विड्यांची मजुरी नाही, आणि त्या विड्या परत हातातही देत नाहीत. त्या जातात कुठं? आईनं एकदा विचारलं होतं. पुढचा आठवडाभर तिला हजाराच्या जागी पाचशेचंच पान मिळालं. कुणी रागावलं नाही, काही बोललं नाही. नुसतं पान कमी दिलं.

माझा प्रश्न दोन भागांत आहे. एक, सही कशी मिळवायची. दुसरा, ज्याच्या हातात नोकरी, शाळा, कर्ज आणि पाणी आहे, त्याच्याविरुद्ध तक्रार करायची तर कुणाकडं? मी पुण्याकडं आहे, माझं काही बिघडत नाही. जे काही व्हायचं ते आईचं आणि लक्ष्मीअक्काचं होणार.

---

अक्का_कर्णिकनगर

बाळा, आधी सहीचं बोलते, कारण ते होण्यासारखं आहे. कामगार संघटनेच्या ऑफिसात बसून मी अशा बायकांचे फॉर्म वर्षानुवर्षं भरले.

पीएफ ही साहेबांची मेहरबानी नाही हे आधी आईच्या मनात पक्कं बसव. विडी कामगारांना पीएफ १९७७ पासून आहे. घरी बसून वळणाऱ्या बाया आमच्या कामगारच नाहीत असं म्हणत मालक सुप्रीम कोर्टापर्यंत गेले होते. १९८५ साली पी. एम. पटेल आणि सन्स या खटल्यात कोर्टानं स्पष्ट सांगितलं की घरखेपी बाई सुद्धा कामगार आहे, कारण तिच्या विडीत खोट काढायचा आणि ती नाकारायचा अधिकार मालकाकडं आहे, म्हणजे तिच्या कामावर ताबा त्याचाच आहे. हे नीट लक्षात घे. जी छाट काढून तुझ्या आईला छळतात, त्याच छाटीच्या जोरावर कोर्टानं तिला कामगार ठरवलं.

आता काम. २०२५ च्या जानेवारीत ईपीएफओनं, म्हणजे पीएफच्या सरकारी कार्यालयानं, नियम सोपे केले. १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा यूएएन असेल आणि आधार जोडलेलं असेल तर नाव-जन्मतारीख मालकाला न विचारता ऑनलाइन दुरुस्त होते. आईचा जुना आहे म्हणतोस, म्हणजे मालकाची मंजुरी लागणार. ती तो देत नसेल तर असं कर.

फॉर्म भरून, सोबत आधार आणि लग्नाचा दाखला किंवा गॅझेट, जे असेल ते लावून, ब्रँचला पोचपावती मिळेल अशा स्पीड पोस्टानं पाठव. हातात देऊ नको. हातात दिलेला फॉर्म ड्रॉवरमध्ये जातो आणि "आलाच नाही" होतो. पोचपावती आली की ती जोडून ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाक. तिथं तुझ्या चाकणच्या मोबाइलवरून करता येते. दर महिन्याच्या २७ तारखेला "निधी आपके निकट" म्हणून शिबिर असतं, सोलापुरात कुठं आहे ते पीएफ ऑफिसला विचारून आईला घेऊन जा. अधिकाऱ्यासमोर मालकाचा माणूसही बोलावता येतो. तिथं तो "रथोत्सव होऊ द्या" म्हणू शकत नाही.

आईचं लॉगबुक, म्हणजे रोजच्या विड्यांची नोंद असते ती वही, कुठं आहे? घरात आहे की ब्रँचमध्ये? बहुतेक ठिकाणी "इथंच ठेवा, हरवेल" म्हणून ब्रँचमध्येच ठेवून घेतात. मागून आण, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत फोटो काढ. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी दिसली पाहिजे, आणि तिनं किती वर्षं काम केलं याचा तिच्याकडं दुसरा कागद नसतो. किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपयेच आहे. त्या हजारासाठी बायका ब्रँचच्या पायरीवर बसतात. मी बसलेल्या बघितल्यात.

आता तुझा दुसरा प्रश्न. एकटीच्या नावानं तक्रार करू नको. पानाची आणि छाटीची तक्रार ब्रँचमधल्या सगळ्या बायकांच्या सह्या-अंगठे घेऊन संघटनेच्या लेटरहेडवर कामगार आयुक्तांकडं जाऊ दे. १९६६ च्या विडी-सिगार कायद्यात कच्चा माल आणि छाटीच्या वादाची सोय होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा चार श्रमसंहितांत विरघळला, म्हणून आता कुठलं कलम लावायचं ते संघटनेच्या वकिलाकडून लिहून घ्या. जुन्या कलमाचा अर्ज गेला की परत पाठवायला त्यांना निमित्त मिळतं.

आई त्या तांदळाच्या पिशवीबद्दल बोलते त्यावरून तिला टोचून बोलू नको. त्या दिवसांत ती पिशवी खरीच होती.

---

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड

मी मालक आहे म्हणून उत्तर देतोय. एमआयडीसीत माझे थोडे माग आहेत, टॉवेल काढतो.

सगळ्या मालकांना एका रांगेत बसवू नका ही विनंती. सूत मला व्यापारी उधारीवर देतो आणि माल तयार झाला की भावही तोच ठरवतो. सोलापुरी चादर म्हणून पानिपतचा माल देशभर विकला जातो, आपल्याकडं जीआय (त्या गावच्याच मालाला ते नाव लावायचा हक्क) असूनसुद्धा. त्याविरुद्ध लढायला माझ्यासारख्याला पैसाही नाही आणि वेळही नाही. वीजदराची सवलत २७ हॉर्सपॉवरच्या वर किती, खाली किती, हे ठरतं तेव्हा मंत्र्यासमोर कोण बसलेलं असतं? माझ्यासारखा कधी नसतो. दहा-बारा घराणी असतात, आणि ती पूर्ण धंद्याच्या नावानं बोलतात. मला सवलतीचा निकाल व्हॉट्सअ‍ॅपवर कळतो.

एक गोष्ट मी आतून बघितली आहे ती सांगतो. मजुरीवाढीची किंवा पीएफची गोष्ट निघाली की मीटिंगमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मग आम्ही तेलंगणात जातो." वरंगळजवळ काकतीय टेक्स्टाइल पार्क झाल्यापासून तर हे वाक्य फार सोपं झालंय. जाणारे थोडेच असतात. पण हे वाक्य कलेक्टर ऐकतो, आमदार ऐकतो, पेपरवाले छापतात, आणि कामगार तर आधीच घाबरलेला असतो. मी स्वतः कुठंही जाऊ शकत नाही, माझं घर, माग, देणं सगळं इथंच आहे. तरी त्या धमकीचा फायदा मलाही मिळतो, मजुरी वाढत नाही म्हणून. हे मला पटत नाही आणि मी तसं मीटिंगमध्ये बोललोही आहे. त्यानंतर सूत रोखीनं घ्यावं लागलं काही महिने.

म्हणजे तुझ्या आईला पान कमी मिळालं ना, तसंच माझ्याही बाबतीत झालं. दाब सगळीकडं असाच येतो, लेखी काहीच नसतं.

पण एक विचारतो. तुझे साहेब शाळा-कॉलेज चालवतात, त्यात तुझी बहीण शिकली. ते नसते तर महापालिकेनं कॉलेज काढलं असतं का?

---

पूर्वभागचा_पोरगा

@टॉवेलवाला काका, प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून आभार. कॉलेजबद्दल: बहिणीची फी आम्ही भरतो, पूर्ण. पण कॉलेजच्या कार्यक्रमाला विद्यार्थ्यांकडून साहेबांच्या वाढदिवसाचे बॅनर धरून घेतात. माझी बहीण उन्हात तास दीड तास बॅनर धरून उभी होती. घरी येऊन म्हणाली, दादा, आईला सांग फॉर्मचं आता काढू नको, माझा निकाल लागू दे. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीला हे कुणी शिकवलं नाही, तिचं तिला कळलं.

@अक्का, लॉगबुक ब्रँचमध्येच आहे. तुम्ही म्हणालात तसंच, "हरवेल" म्हणून.

---

निवृत्त_मास्तर_सोलापूर

वडील गिरणीत होते, मी पूर्व भागातल्या शाळेत शिकवलं. तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर थोडं मागचं सांगावंसं वाटतं, कारण हे साहेब काही आज जन्मले नाहीत.

सोलापुरात जुनी मिल १८७७ ला सुरू झाली, नरसिंग गिरजी १८९८ ला. पुढं विष्णू आणि लक्ष्मी आल्या. ज्या इंद्रभुवनमध्ये आपली महापालिका बसते, ती इमारत अप्पासाहेब वारदांनी स्वतःचा वाडा म्हणून बांधली होती, नरसिंग गिरजी मिल त्यांचीच. इमारत देखणीच आहे, मी पोरांना मुद्दाम दाखवायला न्यायचो. पण गिरणीमालकाच्या वाड्यात गावाचा कारभार चालतो, यावरून आपल्या गावात पैसा आणि सत्ता किती जवळ नांदत आल्या ते समजतं.

सेटलमेंटमध्ये, म्हणजे इंग्रजांनी कुंपण घालून केलेल्या वसाहतीत, राहणाऱ्यांना हे अजून जास्त समजतं. गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसं तारेच्या कुंपणात ठेवली होती, हजेरी द्यावी लागायची, आणि त्यांतली कितीतरी माणसं गिरण्यांत कामाला जायची. हजेरी चुकली तर शिक्षा आणि संपात गेलं तर सरकारचा धाक, अशा मजुरापेक्षा मालकाला आणखी काय हवं? तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी.

तरीही गिरणीत एक गोष्ट होती जी तुझ्या आईकडं नाही. गेट. भोंगा झाला की हजारो माणसं एका गेटातून आत जायची आणि एकाच गेटातून बाहेर यायची. सभा गेटवर व्हायची, पत्रक गेटवर वाटलं जायचं, मालकाची गाडी गेटवर अडवली जायची. कुर्बान हुसेन यांच्यासारखा तरुण कामगारांत काम करायचा आणि "गझनफर" नावाचं स्वतःचं पत्र काढायचा. १९३० च्या मार्शल लॉनंतर त्यांना, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. आपण चार हुतात्मा चौकातून रोज जातो. त्यांतला एक कामगारांचा संपादक होता हे शाळेत मी दरवर्षी सांगायचो, कारण पुस्तकात एका ओळीतच होतं.

विडीचं काम घराघरात वाटून दिलं की गेटच राहत नाही. तुझी आई एकटी पानं कापते, लक्ष्मीअक्का तिच्या घरात एकटी. दोघी भेटतात त्या ब्रँचमध्ये, चेकरसमोर, जिथं बोलता येत नाही. मालकाला घरखेप परवडते ती फक्त जागेचं भाडं वाचतं म्हणून नाही.

आणि पेपरचं म्हणशील तर वाढदिवसाला पानभर जाहिरात देणाऱ्याच्या ब्रँचमध्ये छाट किती काढतात ही बातमी मी आजवर वाचलेली नाही. माझा एक विद्यार्थी पत्रकार आहे. त्यानं लिहून दिली होती. आली नाही.

---

धूर_नको

मी डॉक्टर आहे, अशोक चौकाजवळ दवाखाना. सगळे मजुरीचं बोलताय, मला लोकांच्या तब्येतीचं बोलायचंय.

माझ्याकडं तंबाखूच्या धुळीनं खोकणाऱ्या बायका येतात, मान-पाठ आखडलेल्या येतात, आणि विडी ओढून फुप्फुस गेलेले पुरुषही येतात. कित्येकदा एकाच घरातले. पाकिटावर ८५ टक्के जागेत चित्राचा इशारा १ एप्रिल २०१५ पासून यायचा होता. तो लांबला, कारण संसदेच्या एका समितीनं थांबा म्हटलं. समितीचे अध्यक्ष आपल्या शेजारच्या अहमदनगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी होते. तंबाखूनं कर्करोग होतो असं दाखवणारं भारतीय संशोधन नाही, असं ते जाहीर बोलले होते. त्याच समितीत श्यामाचरण गुप्ता नावाचे अलाहाबादचे खासदार होते, स्वतः विडीचे मोठे कारखानदार. ज्याचा धंदा आहे तोच त्या धंद्यावरच्या इशाऱ्याचा आकार ठरवायला बसलेला. इशारा शेवटी १ एप्रिल २०१६ ला लागू झाला. एक वर्ष गेलं.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. असा कुठलाही नियम आला की मालक उत्पादन बंद ठेवतात आणि "कामगार उपाशी मरतील" म्हणून त्याच बायकांना मोर्चात पुढं उभं करतात. एरवी त्यांच्या छाटीचं कुणी ऐकत नाही. मालकाचं म्हणणं असलं की मात्र त्यांची भूक कलेक्टर कचेरीसमोर आणून ठेवतात. माझ्या पेशंट अशा मोर्चाला जाऊन आल्यात. गेलं नाही तर पान मिळत नाही, असं त्याच सांगतात.

विड्यांवरचा उपकर कामगारांच्या दवाखान्यांना आणि पोरांच्या शिष्यवृत्तीला जायचा. २०१७ ला जीएसटी आला आणि उपकर गेला. त्याच्यासाठी मोर्चा निघाला तेव्हा एकही मालक गाडी द्यायला पुढं आला नाही.

---

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड

डॉक्टर, मोर्चाचं खरं आहे. आमच्याकडंही तसंच चालतं.

पण पैशाचा दाब नुसता गावात नाही. कंपन्यांनी पक्षांना किती द्यायचं यावर पूर्वी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती, २०१७ ला ती काढली. निवडणूक रोखे सुप्रीम कोर्टानं १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केले, त्या निकालात ही मर्यादा काढणंही घटनाबाह्य ठरवलं. पण वॉर्डातल्या निवडणुकीचा खर्च कोण करतो, त्याची यादी कुठलं कोर्ट मागणार? तुझ्या वॉर्डात भाचा कसा निवडून आला ते तुला माहीत आहे, मला माझ्या वॉर्डातलं माहीत आहे.

---

पूर्वभागचा_पोरगा

सगळ्यांचं वाचलं, काही आईला फोनवर वाचून दाखवलं. मास्तरांचं गेटाचं ऐकून ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, आमच्या सासूबाई कारखान्यात बसून वळायच्या, तिथं गाणी म्हणायच्या, भांडायच्यापण.

फॉर्म स्पीड पोस्टानं गेला. पोचपावती आली, शिक्का आहे. पोर्टलवर तक्रार टाकली. दोन दिवसांनी ब्रँचमधून निरोप आला की पोस्टानं कशाला पाठवायचं, घरचीच माणसं आहोत की आपण. सही अजून नाही.

लॉगबुकाचं आईनं स्वतः केलं. कारकुनाला म्हणाली, पोराला बँकेत दाखवायचंय, उद्या आणून देते. रात्री बहिणीनं सगळ्या पानांचे फोटो काढले. मधली दीड वर्षं कोरी आहेत. आई म्हणते त्या काळातही ती रोज जात होती, आणि तेव्हाच्या विड्या दुसऱ्याच कुणाच्या नावावर लिहिल्या जात होत्या. हे आम्हाला आत्ता कळतंय.

तिनं दुसऱ्या दिवशी लॉगबुक परत दिलं नाही. बहिणीनं निकालाचं काढलं तेव्हा म्हणाली, तुझा निकाल तुझ्या पेपरावर लागू दे. पान अजून पूर्ण देतायत. पुढं काय होतं बघू.

लक्ष्मीअक्का आणि आणखी काहीजणी आपापली लॉगबुकं मागणार आहेत, सगळ्यांचे फोटो काढायचे ठरलंय. @अक्का, कोरी पानं असली तर मजुरीचा पुरावा म्हणून अजून काय चालतं? काहीजणींकडं मजुरीच्या चिठ्ठ्या आहेत, तारीख आहे पण सही नाही. आणि येत्या २७ ला शिबिर कुठं आहे कळलं तर इथं टाका, मी सुट्टी टाकून येतोय.

---

अक्का_कर्णिकनगर

चिठ्ठ्या चालतात, फेकू नका. ज्या तारखांना चिठ्ठी आहे त्याच तारखांना शेजारणीच्या लॉगबुकात ब्रँच चालू दिसली की जोड मिळते, म्हणून सगळ्याजणींची एकत्र लावा. आईचं विडी कामगाराचं ओळखपत्र आणि दवाखान्याचं जुनं कार्ड शोध, त्यावर ब्रँचचं नाव असतं. पीएफच्या कपातीची नोंद त्या दीड वर्षात आहे का, पासबुकात आधी ते बघ. कपात आहे आणि लॉगबुक कोरं असेल तर त्यांचीच नोंद त्यांच्याविरुद्ध जाते.

शिबिराची जागा उद्या ऑफिसात विचारून टाकते. येताना लक्ष्मीअक्काला घेऊन ये, आणि तिच्या जामीनकीच्या कागदाची झेरॉक्सपण. ती भीती आधी मोकळी करू.